वन बीएचकेमधली उपासना: मुंबईच्या धावपळीत रोजचा विश्वास कसा जगायचा

ख्रिस्ती घरांत लग्नाआधी प्रोटेस्टंटांचे पाळकसाहेब असोत की कॅथलिकांचे फादर, जोडप्याला समोर बसवून एक गोष्ट हमखास सांगतात, घरात रोज प्रार्थना ठेवा. दोघंही मान हलवतात. मग संसार सुरू होतो, एक ठाण्याला जाते, एक रात्री साडेनऊला घरी येतो, पोरांचे क्लास, भांडी, उद्याचा डबा, आणि डोळे मिटतात ते प्रार्थनेला नाही तर झोपेने. मी जेवढी घरं बघितलीत त्यातल्या बहुतेक घरांत उपासना बंद पडली ती विश्वास कमी झाला म्हणून नाही, सुरुवातच फार दणक्यात केली म्हणून. पहिल्या आठवड्यात दोन गाणी, एक अख्खा अध्याय, त्यावर बाबांचं भाषण, मग प्रत्येकाची लांबलचक प्रार्थना, पाऊण तास गेला. दुसऱ्या आठवड्यात कोणाला डोकं दुखतंय, कोणाचा प्रोजेक्ट आहे. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच, दहा-बारा मिनिटं, ठरलेली वेळ, आणि कितीही उत्साह आला तरी लांबवायचं नाही.

माझं माहेर नगरकडचं प्रोटेस्टंट, सासर वसईचं कॅथलिक, राहतो बोरिवलीत वन बीएचकेमध्ये, त्यामुळे दोन्हीकडच्या पद्धती घरातच आहेत आणि दोन्हीकडचे टोमणेही. खाली जे लिहिलंय ते दोन्ही घरांना चालेल असंच लिहिलंय.

वेळ कशी ठरवायची

नवीन वेळ शोधू नका, ती मुंबईत मिळत नाही. जे रोज होतंच आहे त्याला चिकटवा. आमच्याकडे जेवणाच्या आधी बसतो, ताटं घ्यायच्या आधी, कारण जेवणानंतर कोणी टीव्हीकडे जातो कोणी बेसिनकडे आणि परत गोळा करायचं म्हणजे वेगळाच त्रास. भूक लागलेली असते म्हणून कोणी लांबवतही नाही हा दुसरा फायदा. ज्यांच्या घरी जेवणं वेगवेगळ्या वेळी होतात त्यांनी सकाळी डबे भरून झाल्यावर, पोरं बूट घालायच्या आधी पाच मिनिटं घ्या, तेवढी पुरतात. आणि सगळे जमेपर्यंत थांबायचं नाही बरं का. घरात दोघं असतील तर दोघांनी बसा, उशिरा येणाऱ्यासाठी आज काय वाचलं ते ग्रुपवर टाका म्हणजे तो गाडीत वाचेल. थांबत बसलात की ‘आज राहू दे’ सुरू होतं आणि एकदा ते सुरू झालं की संपत नाही.

एकट्याच्या प्रार्थनेचं वेगळं. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या जीवनकथेत, सहाव्या अध्यायात येशू म्हणतो की खोलीत जा, दार लाव आणि प्रार्थना कर. आता इथे खोली कुठून आणायची, एका खोलीत चार माणसं झोपतात. पण ज्यांच्याकडे पहाटे पाणी येतं त्यांना तसंही उठावंच लागतं. पिंप भरेपर्यंत अर्धा तास कोणी तुमच्याकडे बघत नाही, कोणी फोन करत नाही, घर झोपलेलं असतं. मार्कच्या पहिल्या अध्यायात येशूही अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेलेला दिसतो. नळाचा आवाज चालू असला तरी चालतं. हे नाही जमलं तर जिना, गच्ची, बस स्टॉप. लोकांना दाखवायला करू नका हा त्या वचनाचा रोख आहे, चौरस फुटांचा नाही.

काय वाचायचं

बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरू करू नका प्लीज. जानेवारीत जोशात सुरू होतं, निर्गममध्ये निवासमंडपाची, म्हणजे देवासाठीच्या तंबूची, मापं लागली की वेग मंदावतो आणि लेवीयमध्ये गाडी बंद पडते ती पुढच्या जानेवारीपर्यंत. मार्कपासून सुरू करा, १६च अध्याय आहेत, छोटे छोटे प्रसंग, रोज एक प्रसंग वाचला तरी गोष्ट पुढे सरकते आणि पोरं ‘मग काय झालं’ विचारतात. मध्ये मध्ये स्तोत्रं टाका. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत म्हणून ज्यांना तारखेप्रमाणे वाचायला आवडतं त्यांच्यासाठी ते सोयीचं, आज १४ तारीख तर १४वा अध्याय, विसरायची भीतीच नाही. डिसेंबरमध्ये लूक घ्या, २४ अध्याय, एक तारखेला सुरू केलात तर नाताळच्या आदल्या रात्री पुनरुत्थानापाशी पोचता. फक्त पहिलाच अध्याय ८० वचनांचा आहे, तो ३० नोव्हेंबरलाच अर्धा वाचून ठेवा नाहीतर पहिल्याच दिवशी जेवण गार होईल.

कॅथलिक घरांत तर कामच सोपं, रोजची वाचनं ठरलेलीच असतात, त्या दिवसाचं शुभवर्तमान तेवढं वाचायचं, मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चुकली तरी तोच उतारा चर्चमध्येही वाचलेला असतो. आमच्यासारख्या मिक्स घरात एक गंमत होते, सासूबाईंच्या बायबलात ७३ पुस्तकं आणि माझ्या बायबलात ६६, त्यामुळे फक्त त्यांच्याकडे असलेल्या टोबितच्या पुस्तकाचं काय करायचं यावर सुरुवातीला वाद घालत बसू नका. नव्या कराराची २७ पुस्तकं दोन्हीकडे तीच आहेत, ती संपेपर्यंत काही वर्षं निघतील.

मुलं इंग्लिश मीडियमची असतील तर मराठी बायबल वाचताना ‘पापक्षमा’ आणि ‘नीतिमत्त्व’ला अडखळतात, मग मोठे हसतात आणि पोरगं पुन्हा वाचायला तयार होत नाही. हसायचं नाही हा पहिला नियम. दुसरं, छोटा उतारा द्या. स्तोत्र ११७ फक्त दोन वचनांचं आहे, आमच्या घरी वाचायचा नंबर आला की सगळे तेच मागायचे. मग २३ घ्या, ते सहा वचनांचं, मग १२१, आठ वचनांचं. हळूहळू जीभ वळते. अगदीच नाही जमलं तर पोराने इंग्लिशमध्ये वाचावं आणि आजीने तेच मराठीत, एकच उतारा दोनदा ऐकला की लक्षातही राहतो.

वाचून झाल्यावर प्रवचन नको. एकच प्रश्न, यात तुला काय वेगळं वाटलं? कोणी काहीच नाही बोललं तर पुढे जायचं.

गाणं आणि प्रार्थना

गाणं एकच, तेही सगळी कडवी नाहीत. भिंती पातळ असतात, पलीकडे कोणाचं बाळ झोपलेलं असतं. गिटार, कीबोर्ड काही लागत नाही. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांसारखा माणूस होऊन गेला, १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा इथे मुंबईतच झाला, आणि त्यांनी अभंग, भजनं अशा आपल्या मातीतल्या चालींत उपासनेची गाणी लिहिली, ती टाळ्यांवरही छान होतात. आजीला जी पाठ आहेत ती तिच्याकडून शिकून घ्या, चाल पुस्तकात लिहिलेली नसते, ती माणसाबरोबर जाते. मोबाइलवर गाणं लावून सगळ्यांनी ऐकत बसणं मला स्वतःला पटत नाही, बेसूर का होईना तोंड उघडा.

प्रार्थनेत प्रत्येकाने एक वाक्य. फ्रिजवर एक कागद चिकटवा, त्यावर नावं. आमच्या कागदावर सध्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं डायलिसिस आहे, मावसबहिणीची नोकरी आहे, आणि पोरीच्या अक्षरात ‘गणिताच्या टीचर’ असं नुसतंच लिहिलंय, त्या आजारी आहेत की त्यांच्यापासून सुटका हवीय ते तिने सांगितलेलं नाही. कागदाचा फायदा असा की प्रार्थना ‘सगळ्या जगाला आशीर्वाद दे’ अशी मोघम राहत नाही. आणि आठवड्यातून एकदा कागद बघून ज्यांच्यासाठी प्रार्थना करतोय त्यांना एक फोन करा, नाहीतर काकांना कळणारही नाही.

एक सवय मात्र मुळातूनच तोडा, प्रार्थनेतून टोमणे मारणं. ‘हे प्रभू, आमच्या मुलाला मोबाइल खाली ठेवायची बुद्धी दे’, ‘हे देवा, घरातल्या काही लोकांना खर्चाचं भान दे’. देवाच्या नावावर नवऱ्याला ऐकवायचं असतं हे सगळ्यांना कळतं, पोरांना तर आधी कळतं, आणि पोरं प्रार्थनेला बसायची टाळायला लागली की बरेचदा कारण हेच निघतं. जे बोलायचं ते प्रार्थनेआधी तोंडावर बोला.

भांडण चालू असेल त्या दिवशी? मत्तय ५ मध्ये स्पष्ट आहे, अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. आता पावणेदहाला सासू-सुनेचा समेट बारा मिनिटांत होत नाही हे मलाही माहितेय. त्या दिवशी ‘उद्या बोलू’ एवढं तरी एकमेकांना म्हणायचं आणि मग फक्त प्रभूची प्रार्थना. ‘जसे आम्हीही आमच्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ ही ओळ त्या दिवशी घशात अडकते, अडकू दे.

ज्यांच्याकडे रोजरीची, म्हणजे मरियेच्या जपमाळेची, पद्धत आहे त्यांना दहा-दहा मण्यांच्या पाच दशकांना साधारण वीस मिनिटं लागतात. थकलेल्या दिवशी एकच दशक म्हणा पण नीट म्हणा, एक्स्प्रेस पकडल्यासारखी ‘नमो मरिये’ पळवू नका.

ट्रेनमध्ये

जाऊन-येऊन दोन-तीन तास जातात, तो वेळ सोन्यासारखा आहे. भजनी मंडळं डब्यात टाळ वाजवतात म्हणून आपणही मोठ्याने गावं असं मला वाटत नाही, आणि अनोळखी बाईच्या हातात पत्रक कोंबणं तर मुळीच नको, त्या बिचारीला एक हात मोकळा नसतो. मी स्टेशनांना माणसं वाटून दिलीत. बोरिवली सुटली की घरचे. अंधेरीला ऑफिसमधले, ज्यांच्याशी जमत नाही ते आधी. वांद्र्याला सासूबाई आठवतात कारण मोत माउलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेचा त्यांचा नेम, ८ सप्टेंबरनंतरचा रविवार चुकवत नाहीत. दादरला मी स्वतःसाठीच प्रार्थना करते, चढणाऱ्या गर्दीवर तोंड सुटू नये म्हणून, तिथे स्लो पकडायची असते. प्रभादेवी आलं की परळची हॉस्पिटलं, टाटा आणि केईएम, गावाहून आलेली माणसं बाहेर फुटपाथवर पथारी टाकून असतात, त्यांच्यासाठी. लोअर परळला उतरायचं. तुमची लाइन वेगळी असेल, सेंट्रल-हार्बरवाल्यांनी आपापली यादी करा. स्टेशन आलं की माणूस आपोआप आठवतो, वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

ऑडिओ बायबल मराठीत फुकट मिळतं, एका कानात हेडफोन घाला, दुसरा कान अनाउन्समेंटला.

ऑफिस, प्रसाद, वर्गणी

हा प्रश्न तरुण पोरं सारखा विचारतात. दसऱ्याला ऑफिसात पूजा, सोसायटीत गणपती, कोणी शिर्डीहून आलं की प्रसाद. घ्यायचा का? आपल्यातच दोन मतं आहेत आणि ती प्रेषित पौलाच्या काळापासून आहेत, त्याच्या पत्रांतले १ करिंथ ८ आणि १० आणि रोमकरांस १४ एकदा सलग वाचा. तिथे ज्ञान आणि प्रेम यांत प्रेमाला वरचं ठेवलंय, आणि ज्याचं मन त्याला टोचतं त्याच्यावर जबरदस्ती करू नका असंही आहे. माझा व्यवहारातला सल्ला, घरात एकदा बसून ठरवा आणि मग रोज रोज त्याचा तमाशा करू नका. घेत असाल तर घ्या. घेत नसाल तर हात जोडून, हसून, ‘मी नाही घेत, पण तुम्ही आठवणीने आणलंत’ म्हणा. तोंड वाकडं करून घेणं आणि मागे डस्टबिनमध्ये टाकणं हे दोन्हीपेक्षा वाईट, कोणीतरी बघतंच. पूजेच्या वेळी टॉयलेटमध्ये लपायची गरज नाही, शांत उभं राहता येतं. सोसायटीच्या वर्गणीत ज्यांना अडचण वाटते त्यांनी सेक्रेटरीला सरळ सांगावं की पूजेऐवजी महाप्रसादाच्या मंडपाला किंवा मुलांच्या स्पर्धांना माझे पैसे लावा, समजूतदार लोक ऐकतात. आणि नाताळला करंज्या, चकल्या, केकचं ताट रुमालाने झाकून सगळ्या मजल्यांवर गेलं पाहिजे, ज्यांनी कधी आपल्याकडे काही पाठवलं नाही त्यांच्याकडेसुद्धा.

ऑफिसात डेस्कवर क्रूस ठेवलात की एक जबाबदारी येते, खोटी मेडिकल बिलं आणि दुसऱ्याचं कार्ड पंच करणं बंद. नाहीतर क्रूस घरी ठेवा.

कामवाल्या बाईचा रविवार

यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण चर्चमध्ये यावर कोणी बोलत नाही. रविवारी आपण आठ वाजता नीटनेटके होऊन उपासनेला जातो, आणि भांडीवाली बाई आपण परत यायच्या आत येऊन जाते, किल्ली शेजारी ठेवलेली असते. शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा निर्गम २० मध्ये उघडून बघा, अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या ५व्या अध्यायातही आहे. तिथे फक्त ‘तू’ विश्रांती घे असं नाहीये. तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, तुझ्या वेशीच्या आतला परका, सगळ्यांची यादी दिलीय, आणि अनुवादमध्ये कारणही दिलंय की तुझ्यासारखाच तुझ्या दासालाही विसावा मिळावा. म्हणजे आपली विश्रांती तिच्या कामावर उभी असेल तर ती आज्ञा अर्धीच पाळली.

करायचं काय, तर तिला रविवारची पगारी सुट्टी द्या. महिन्याच्या चार सुट्ट्या ठरवून द्या, खाडे म्हणून मोजू नका. शनिवारी रात्री भांडी घरच्यांनी घासून ठेवायची, रविवारची मटणाची पातेली नवऱ्याने आणि मुलाने घासायची, हो, मुलानेच. तेल राहतं कडेला, गरम पाण्यात भिजवून ठेवलं की निघतं, एवढं शिकवलं की झालं. दुसरं पगाराचं. लेवीय १९ मध्ये मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नको असं आहे, ती रोजंदारीची माणसं होती, एका रात्रीचाही उशीर नको. आणि आपण सात तारीख, दहा तारीख करतो, ‘सुट्टे नाहीत गं’, ‘एटीएमला जायला झालं नाही’. आता मोबाइलवरून पैसे जातात, सुट्ट्यांचं कारण राहिलेलं नाही. आपला पगार ज्या दिवशी जमा होतो त्याच संध्याकाळी तिचा द्यायचा. तिच्या मुलाच्या शाळेच्या फीला उचल दिलीत तर कापायची कशी तेही तिच्याशी बोलून ठरवा, परस्पर कापू नका. हेच वॉचमनला, इस्त्रीवाल्याला, रिक्षाला. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करून पुढे दानपेटीत शंभर टाकणारी मंडळी मी बघते तेव्हा मला त्या भाजीवालीचं वाईट वाटतं.

आता द्यायचं निघालंच आहे तर दशांशाबद्दल. पगार झाला की आधी बाजूला काढायचं, महिन्याच्या शेवटी उरलं तर देऊ म्हटलं की उरत नाही. १ करिंथ १६ मध्येही पौल हेच सांगतो, आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या मानाने बाजूला काढून ठेवा. प्रोटेस्टंटांत दहावा भाग म्हणतात, कॅथलिकांत असा ठरलेला आकडा नाही. कर्जाचे हप्ते डोक्यावर असतील तर लहान रकमेपासून सुरू करा, लाज वाटायचं कारण नाही. सगळं चर्चच्याच पाकिटात जायला हवं असंही नाही, थोडं हाताशी ठेवा, बिल्डिंगमध्ये कोणाला औषधाला लागतं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेला इमोजी पाठवण्यापेक्षा ते कामाला येतं.

रविवारी ड्युटी असेल तर

नर्स, मॉलमधली पोरं, हॉटेलवाले, मोटरमन, यांना ‘चर्चला दिसत नाहीस’ असं ऐकवणं आधी बंद करा. कॅथलिकांसाठी शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते, ती गाठा. बुधवारी माहीमला नोव्हेनाला, म्हणजे नऊ बुधवारांच्या प्रार्थनेला, दिवसभर वेगवेगळ्या भाषांत प्रार्थना असतात, सुट्टी बुधवारची असेल तर तिथे जाता येतं, पण ती रविवारच्या बदली होत नाही हे लक्षात ठेवा. प्रोटेस्टंटांत बऱ्याच ठिकाणी एकाच इमारतीत सकाळी एका भाषेची आणि संध्याकाळी दुसऱ्या भाषेची उपासना असते, आपल्या मराठी मंडळीची वेळ जमत नसेल तर दुसऱ्या भाषेत जाऊन बसा, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) तेच आहे. यूट्यूबवरची उपासना आजाऱ्याला आणि म्हाताऱ्यांना मोठा आधार आहे, पण धडधाकट माणसाने पलंगावर लोळत चहा पीत बघायची ती नव्हे. आणि म्हाताऱ्यांचं म्हणाल तर पाळकसाहेबांना किंवा फादरना सांगून प्रभुभोजन घरी द्यायची सोय करून घ्या, लोक संकोचाने विचारतच नाहीत.

जाता जाता गल्लीतल्या क्रुसाचं. गिरगाव, माझगाव, वांद्रे, कुठल्याही जुन्या गावठाणात क्रूस दिसतो, त्यातले कितीतरी १८९६च्या प्लेगच्या साथीत लोकांनी उभारले. येणारे-जाणारे, कुठल्याही धर्माचे, तिथे हार घालतात, मेणबत्ती लावतात. मे महिन्यात संध्याकाळी तिथे जमून रोजरी आणि गाणी होतात, शेजाऱ्यांबरोबर प्रार्थना करायला एवढी सोपी जागा दुसरी नाही. आठवड्यातून एकदा वाळलेली फुलं काढा, मेण खरवडा, पावसाळ्याआधी चुना लावा, नंबर लावून घ्या कोणी कधी करायचं. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मिळालेल्या झावळीचा छोटा क्रूस करून घरात तसबिरीमागे खोचतात, तो जुना झाला की कचऱ्यात टाकू नका, पुढच्या राखेच्या बुधवारआधी, म्हणजे उपवासकाळ सुरू होण्याआधी, चर्चमध्ये नेऊन द्या, त्याचीच राख करतात.

आणि सुट्ट्यांचं आत्ताच बघून ठेवा. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) सरकारी सुट्टी असली तरी खासगी कंपन्या सगळ्याच देत नाहीत, आणि आदल्या गुरुवारी संध्याकाळी उपासनेसाठी लवकर निघायला लागतं. ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते, जानेवारीत कॅलेंडर आलं की लगेच साहेबांना मेल टाका. प्रोटेस्टंट चर्चमध्ये उत्तम शुक्रवारी, येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना बारा ते तीन चालते, कॅथलिकांची साधारण तीनला असते. उन्हाचे दिवस, गर्दी असते, पंखे पोचत नाहीत. कॅथलिक नियमात १८ ते ५९ वयाच्या माणसांनाच त्या दिवशी उपास सांगितलाय, तेव्हा आजीला बीपीची गोळी उपाशीपोटी घेऊ देऊ नका, आणि तिला जागा मिळेल अशा बेताने अर्धा तास आधी पोचा.